आणखी दहा वर्षं

कोलिनिओला बेट सोडून इंग्रजांच्या फौजेत जाऊन येत्या मार्चमध्ये बारा वर्षं पूर्ण होणार होती. करार चार वर्षांचा आहे असं घरात सगळे धरून चालले होते. तो बाराचा होता, चार वर्षांनी सोडता येतो एवढंच, हे उनाइसीला नंतर कळलं. बारा संपल्यावर घरी परतायचं, नाहीतर आणखी दहा वर्षांसाठी सही करायची.

उनाइसी त्याची थोरली बहीण, गावच्या दवाखान्यात नर्स. लग्न झाल्यावर तिने नवऱ्याच्या गावी जायचं होतं, ती गेलीच नाही. तेव्हा वडील नुकतेच वारले होते, आई लोसेना एकटी होती. कोलिनिओ येईपर्यंत राहू, असं म्हणून ती आणि नवरा इनोके इथेच राहिले, आणि इनोके घरजावई झाला. पलीकडच्या खाडीवर, त्याच्या गावात, त्यांच्या घरासाठी दगडी जोतं बांधून ठेवलेलं होतं. आता तिकडच्या भाऊबंदांचा निरोप आला होता: ख्रिसमसपर्यंत आलात तर जोतं तुमचं, नाहीतर चुलतभावाला देतो, त्याला तीन मुलं आहेत.

तेव्हा कोलिनिओ येणार की नाही, एवढं विचारायचं होतं. ते उनाइसीला विचारता येत नव्हतं. त्यांच्याकडे बहीणभाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत. त्यात राग नसतो, मान असतो. ती बारा वर्षांची झाल्यापासून तो घरात शिरला की ती दुसऱ्या दाराने बाहेर जाई. सांगायचं ते मधल्या माणसाकडून. आईला विचारायला सांगावं, तर तिला तो नेहमी म्हणे, “लवकरच, आई.” राहिला इनोके. आणि मेहुण्या-मेहुण्यांनी एकमेकांची थट्टाच करायची असते. एकाने गंभीर होऊन काही विचारलं, तर दुसऱ्याला वाटतं याला माझा राग आला.

शनिवारी सकाळी फोन लागला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती. इनोकेने फोन खोबरेल तेलाच्या बाटलीला टेकवून चटईवर ठेवला. उनाइसी त्याच्या मागे, फोनमध्ये दिसणार नाही अशी, कसाव्याचे कंद सोलत बसली.

“काय रे फुकट्या,” कोलिनिओ म्हणाला, “माझ्या घराचं छप्पर गळतंय का अजून?”

“गळतंय. खाली तुझं अंथरूण ठेवलंय.”

“सासूच्या हातचं खाऊन पोट सुटलंय तुझं. उभा राहा, बघू दे.”

“तुझ्या गोऱ्या साहेबाने तुला पोसलाय, त्यापेक्षा बराच आहे मी. येतोस कधी? मार्चमध्ये सोडणार ना तुला? का ठेवून घेतायत, भांडी घासायला?”

“भांडी अजून दहा वर्षांची पडलीत,” कोलिनिओ म्हणाला. दोघंही हसले. मग रग्बीचं बोलणं निघालं.

फोन बंद झाल्यावर उनाइसीने विचारलं, “दहा म्हणाला?”

“थट्टा करत होता गं. त्याचं काय घेऊन बसलीस?”

उनाइसीने सोललेले तुकडे पाण्यात टाकले. मागे एकदा कोलिनिओ म्हणाला होता, वाळूत भोपळे लावायला चाललोय. तो सहा महिने वाळवंटातल्या लढाईवर होता. नंतर म्हणाला, गुडघा रात्री काढून कपाटात ठेवतो. त्याच्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. चार वर्षं झाली तेव्हा म्हणाला होता, इथल्या पावसाशी लग्न लावलंय. तेव्हाही इनोके हसला होता आणि तीही पाठमोरी हसली होती; तो आला नाही. तिने आणखी आठवून पाहिलं. थट्टेत सांगितलेलं आणि खोटं निघालेलं असं तिला एकही सापडलं नाही. गंभीरपणे सांगितलेलं तर काहीच नव्हतं.

दुपारी इनोके फोन घरीच ठेवून मळ्यावर गेला. आई निजली होती. तिकडे पहाटेचे तीन वाजले असतील, म्हणून ती संध्याकाळपर्यंत थांबली. सहा वाजता तिने इनोकेच्या फोनवरून कोलिनिओला फोन लावला.

“बोल, जावईबापू, इतक्या—” कोलिनिओ म्हणाला आणि थांबला. तिला त्याचा चेहरा क्षणभर दिसला. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, हे तिला माहीत नव्हतं. मग पडद्यावर छत दिसू लागलं. त्याने फोन उताणा ठेवला होता.

तिनेही आपल्याकडचा फोन उताणा ठेवला. फोन चालू होता.

“इनोके,” शेवटी कोलिनिओ म्हणाला. इनोके तिथे नव्हता, हे त्याला दिसलं होतं. “इनोके, तिला सांग, सही जुलैमध्येच केली.”

उनाइसीने वाट पाहिली.

“तिला सांग, इथे मला काम येतं. तिथे येऊन मी काय करणार, मला आता माहीत नाही.”

“इनोके,” उनाइसी म्हणाली. आपला आवाज तिला दवाखान्यातल्यासारखा वाटला. “त्याला सांग, आम्ही ख्रिसमसच्या आधी निघतो. आईला नेतो.”

“आई येईल का, विचार.”

“त्याला सांग, नाही म्हणेल. तरी नेणार.”

“आणि घर?”

“त्याला सांग, घराचं त्याने बघावं.”

पलीकडे कुणीतरी दार वाजवलं. कोलिनिओ त्या माणसाला इंग्रजीत म्हणाला, आलो. मग आणखी थोडा वेळ छत दिसत राहिलं, आणि फोन बंद झाला.

इनोके अंधार पडता पडता आला, खांद्यावर कसाव्याची जुडी. तिने त्याच्या हातावर पाणी घातलं.

“जुलैमध्येच सही केलीय त्याने,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“तूच. आणि आपण आईला घेऊन निघतोय, असंही तू त्याला सांगितलंस.”

इनोकेने तिच्याकडे पाहिलं. तो हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी.

“मग तो काय म्हणाला?”

“घराचं विचारलं.”

“हं.” त्याने जुडी खाली ठेवली. “बोट गुरुवारी आहे. एका फेरीत होणार नाही सगळं.”

“दोन फेऱ्या करू,” उनाइसी म्हणाली, आणि आईला जेवायला उठवायला आत गेली.