मान टेकवायची जागा

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाय, रेक्झिनची बैठक आणि मागे मान टेकवायला एक छोटी गादी. त्या गादीचा मला भारी तोरा होता. भलेभले तिच्यावर मान टाकून, डोळे मिटून गळ्यावर वस्तरा फिरवून घेत. त्यात गल्लीच्या टोकाचा शिंपीही असे. तो दुसऱ्या धर्माचा होता, पण साबणाचा फेस लावला की सगळे सारखेच दिसत. माझा मालक मात्र माझ्यावर कधी बसला नाही. गिऱ्हाइकाच्या जागी आपण बसू नये, असं तो म्हणायचा.

मग गावात दंगल झाली. दोन्हीकडची माणसं मेली. सगळं शांत झाल्यावर शिंपी वाढलेली दाढी घेऊन दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

बाकावर शाळेतले मास्तर बसले होते. ते गोड आवाजात मालकाला म्हणाले, "यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेव बाबा. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

मालकाचं सगळं घर या दुकानावर चालत होतं. मला वाटलं, हा आता हो म्हणणार. त्यानं टॉवेल झटकला.

"मास्तर, एवढं होऊनही हा माझ्या वस्तऱ्याखाली मान द्यायला आलाय. त्याला मी वेगळी खुर्ची दाखवू? ये रे, बस."

शिंपी बसला. त्यानं गादीवर मान टाकली आणि डोळे मिटले. मास्तर दाढी न करताच निघून गेले.

त्यांच्यामागून बाकीचेही गेले. वर्षानुवर्षं माझ्यावर घोरलेली माणसं समोरच्या सलूनात जाऊ लागली. शेवटी मालकाच्या धाकट्या भावानं त्याला बाजूला सारून दुकान ताब्यात घेतलं आणि मला बाटलेली म्हणून उकिरड्यावर टाकलं. मला त्याचा अजून संताप येतो.

शिंप्यानं मला उचलून आपल्या अंगणात आणलं. परवा मालक तिथं आला. केस मानेवर रुळत होते, कारण गावातला एकही सलूनवाला त्याच्या डोक्याला हात लावत नाही.

"बस," शिंपी म्हणाला. "मला फक्त कापड कापता येतं. वाकडे होतील."

"होऊ देत. मला कोण बघतंय?"

मालक पहिल्यांदाच माझ्यावर बसला. मान टेकवली, डोळे मिटले. केस खरंच वाकडे कापले गेले.

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलंय, त्याचं काही नाही. शिंपी शिवेल. तुम्ही फक्त खुर्चीवर बसताना आधी कोण बसलं होतं, असं विचारू नका. मास्तर अजून शाळेत शिकवतात. कदाचित तुमच्याच वर्गाला.