निकाली काढलेली तक्रार

नगरपरिषदेत लोकांच्या तक्रारी निकाली काढायचं काम माझ्याकडे होतं. निकाली काढणं वेगळं आणि सोडवणं वेगळं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. कुणी नालीवर ओटा बांधला, कुणी शेजाऱ्याच्या अंगणात सांडपाणी सोडलं, की मी दोघांना बोलवायचो, चहा पाजायचो आणि ‘आपसात मिटलं’ अशा कागदावर सह्या घ्यायचो. कागद लागला की फाइल बंद. मुख्याधिकारी खूश, मीही खूश.

कापसावरचा सरकारी बोनस बंद झाला, त्या हिवाळ्याची ही गोष्ट. भाव पडलेले, म्हणून शेतवाल्यांनी माल विकलाच नाही. गावात घरोघरी कापूस आढ्यापर्यंत भरला होता. माझ्या शेतातल्या कापसानं माझीही मधली खोली भरलेली. आम्ही सगळे कापसाच्या किड्यांनी अंग खाजवत पुढच्या खोलीत झोपायचो. म्हणून ऑफिसात एक न लिहिलेला नियम होता: घरात कापूस आहे तोवर धोकादायक बांधकामाची नोटीस काढायची नाही. नोटीस काढली की खोली रिकामी करणं आलं, म्हणजे कापूस व्यापाऱ्याला मातीमोल देणं आलं. हे पाप कोण घेणार?

अशात रुखमाबाईंचा अर्ज आला. सातवीतल्या नातीनं, पायलनं, वहीच्या पानावर गोल अक्षरात लिहिलेला. ‘शेजारच्या बबनरावांनी विटामातीच्या खोलीत कापूस तुडवून भरला आहे. भिंतीला आमच्या बाजूनं पोट आलं आहे. ती आमच्या टिनांवर पडेल. आईबाबा वीटभट्टीवर गेले आहेत. आजी आणि मी भीतीनं थंडीत अंगणात झोपतो.’

मी जाऊन पाहिलं. भिंतीत माझा पंजा जाईल एवढी भेग होती. बबनरावांना म्हटलं, “खोली खाली करा.”

“राठोडभाऊ, तुमची खोली खाली झाली काय?” ते हसले. “होळीपर्यंत भाव येते. मंग भिंतच नवी बांधतो. गावात मीच एकटा हाव काय?”

मी तसाच परत फिरलो. चोराच्या मनात चांदणं.

महिनाअखेरीला मुख्याधिकारी पडून असलेल्या तक्रारींचा आढावा घ्यायचे. आदल्या दुपारी मी ‘आपसात मिटलं’च्या कागदावर बबनरावांची सही घेतली आणि तोच कागद घेऊन रुखमाबाईंकडे गेलो. पायल शाळेत होती. ती घरी असती तर तिनं वाचला असता, म्हणूनच मी ती वेळ निवडली.

“जयभीम, साहेब. कायचा कागद होय हा?”

“तुमच्या तक्रारीचाच, आजी. ऑफिसानं दखल घेतली. आता काळजी करू नका.”

त्यांनी अंगठा दिला. वर मला चहा दिला, आणि मी तो प्यायलोही.

पाचव्या दिवशी पहाटे भिंत पडली. पायलचा पाय तिच्याखाली सापडला. बातमी कळली तसा मी एसटीनं यवतमाळला दवाखान्यात गेलो. पाय वाचेल की नाही, ते डॉक्टर सांगत नव्हते. पोर गुंगीत होती आणि रुखमाबाई तिच्या पलंगाशी खाली बसल्या होत्या.

“पण तुम्ही तर अंगणात झोपत होता ना?” मी विचारलं. तो प्रश्न नव्हताच. मला कुणीतरी यातून सोडवावं म्हणून मी भीक मागत होतो.

“तुमी कागद केला ना, साहेब. म्या पोरीले म्हटलं, सरकारात लिवल्या गेलं, आता भेव नाही. थंडी लय पडली होती. घेतली गोधडी आत.”

मला तिथं उभं राहवेना आणि पळताही येईना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी कुणा तक्रारदाराला खरं सांगितलं.

“आजी, तो कागद तक्रार मागं घेतल्याचा होता. तुमचं-त्यांचं मिटलं, असं त्यात लिहिलं होतं. मी खोटं बोललो.”

त्या ओरडतील, पायातली चप्पल काढतील असं वाटलं. काढली असती तर बरं झालं असतं. त्यांनी आधी पायल जागी नाही ना, ते वाकून पाहिलं. मग माझी बाही धरून मला दाराशी नेलं.

“पोरीले नोका सांगू, साहेब,” त्या हळूच म्हणाल्या. “तिनं एवढं चांगलं लिवलं होतं. थे म्हणन, आजीनंच अंगठा देल्ला.”