ओल्या खळीवरचा वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे, मित्रांनो. तुमच्या घरी मिक्सर असेल तर तुम्ही मला ओळखणारही नाही. पाट्यावर मिरची-लसूण रगडणारा काळा लांबट दगड, तो मी. माझं घर जामखेडच्या बाजूला, माळावरच्या एका वस्तीत आहे. सध्या मी तिथे नाही, आणि इथे मला करमत नाही.

पाथरवटाने घडवल्यापासून मी पुष्कळ चटण्या वाटल्या. पण खरा मान मिळाला तो निकिताच्या बारशाला. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवतात. पाळण्यात आधी मी निजलो, मग ती. तेव्हापासून मी स्वतःला तिचा थोरला भाऊ समजतो. कुणी विचारलेलं नाही, तरी समजतो.

पुढे मिक्सर आला आणि मी मागच्या दारी जाऊन पडलो. सोबतीला पाटा होता, पण तो मुलखाचा अबोल.

निकिताचे आईवडील, रेश्मा आणि मच्छिंद्र, दिवाळी झाली की कोपरगावकडे ऊसतोडीला जातात. निकिता आजीजवळ, छबूबाईंजवळ राहते. घर सुनं झालं की ती पुस्तकं करत बसते. जुन्या वह्यांची कोरी पानं, पुठ्ठ्याला लग्नपत्रिका, शिवायला गोण्यांचा दाभण, गोल काढायला आजीची बांगडी आणि चिकटवायला पिठाची खळ. वर दाब हवा म्हणून तिने मला घरात नेलं. पहिल्या पुस्तकाला मिरचीचा असा वास लागला की उघडणारा शिंकलाच पाहिजे. मग तिने मला गुंडाळायला बारशाचं तेच दुपटं काढलं. मला फार बरं वाटलं.

यंदाचं पुस्तक तिने आईसाठी केलं. दूर गेल्यावर आईला घराची आठवण आली तर उघडून बघता यावं, म्हणून आत चूल, शेळी, आजी, सगळं काढलं. वरच्या चित्रात दोघी मायलेकी हात धरून उभ्या. ऊसतोडीला न्यायला ट्रॅक्टर गुरुवारी येणार होता. बुधवारी सकाळी तिने ते चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं, मला वर ठेवलं आणि ती शाळेत गेली.

ट्रॅक्टर बुधवारीच आला.

"पोरगी शाळंतनं येऊ दे की," छबूबाई म्हणाल्या.

"मुकादम थांबत न्हाई, आत्याबाई. लई घाई करतोय. मी फोन लावते तिला," रेश्मा सासूला म्हणाली.

उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, मिक्सर चालत नाही. म्हणून रेश्माने मला उचललं. खळ अजून ओली होती, कागदातून दुपट्यापर्यंत आलेली. खाली कागद फाटल्याचं मला कळलं, पण दगडाला ओरडता येत नाही. तिने खाली पाहिलं नाही आणि मला भांड्यांच्या गोणीत टाकलं. पाटा जड म्हणून मागेच राहिला.

कोपीत चटणी वाटायला तिने मला बाहेर काढलं, तेव्हा दुपट्याला अर्धं चित्र चिकटलेलं होतं. त्यात निकिता होती. आईचा फक्त पंजा होता, तिच्या हातात. रेश्माने दुपटं तसंच पुन्हा गुंडाळलं.

संध्याकाळी फोन लागला. "आये, माझं पुस्तक फाटलं," निकिता रडत म्हणाली.

"तू माझ्याकडं आलीयास, बाई. दुपट्यात हायेस."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"मग तू हितं हायेस माझ्यापाशी," निकिता म्हणाली.

रेश्माने चटणीला दुसरा दगड शोधला. मी तिच्या उशाशी असतो, दुपट्यासकट. दिवसभर माणसं फडात जातात आणि कोपीत मी आणि कागदातली निकिता, दोघंच उरतो. तीही बोलत नाही.

मित्रांनो, खळ वाळेपर्यंत दाब काढू नका. आणि घाईत काही उचलायची वेळ आलीच, तर त्याच्याखाली कुणी काय ठेवलंय, एवढं वाकून बघा. हंगाम संपून साखर कारखाना बंद झाला की आम्ही घरी जाऊ. तिथे ते अर्धं पुस्तक दाबाशिवाय पडलंय, त्याचे कोपरे वळले असतील. मला त्याच्यावर जाऊन बसायचं आहे.