करडईचा वास

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चन्नबसम्मा नव्याने रंगवलेल्या खोलीच्या दारात थांबल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, करडीचं तेल खवट झालंय कुठंतरी."

बसवंतरावांचा हात विभूतीच्या डबीतच राहिला. चार वर्षांपूर्वीच्या तापात बायकोचं नाक गेलं होतं. ताडकळसला त्यांच्या माहेरी तेलाचा घाणा होता. एकेकाळी झाकण न काढता त्या सांगायच्या, डब्यात यंदाची करडई की गतसालची. तापानंतर दूध करपून पातेलं काळं पडलं, तरी त्यांना पत्ता नसे.

आणि घरात करडईचं तेल नव्हतंच. होता तो तेलरंगाचा वास. परभणीतला तीस वर्षांचा जुना फ्लॅट, खिडक्या एकाच बाजूला. रंग देऊन अकरा दिवस झाले होते. कापलेले कांदे ठेवून झाले, पाण्याच्या बादल्या ठेवून झाल्या, वास हलेना. आणि शनिवारी लेक ऋतुजा तीन महिन्यांचं बाळ घेऊन यायची होती.

रंगारी पप्पूला बोलावलं. "तेलरंगात तेलच आसतंय की काका," तो म्हणाला. "काकूचं नाक माज्यापरीस तेज निघालं."

बसवंतराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. ऐकीव गोष्टीवर त्यांनी कधी गाडी सोडली नव्हती. त्यांनी चार धुतलेल्या चिंध्या घेतल्या, एकीला रंग लावून वाळवला, बायकोच्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि एकेक चिंधी नाकाशी धरली. तिसरीला चन्नबसम्मांनी मान हलवली. तीच रंगाची होती. क्रम बदलला, तरी तीच. पाच खेपांत पाचदा तीच.

"ह्या वयात परीक्षा घ्यायलाव व्हय माजी?"

देवघरासमोर उभं राहावं तसे बसवंतराव चिंधी हातात धरून उभे राहिले.

मग हिंग आणला, ऊद जाळला, विभूती नाकाशी नेली. काहीच नाही. रंगाचा वास तेवढा येत होता.

ते खिडकीकडे वळले, तशा त्या म्हणाल्या, "उघडू नगा. ह्यो गेल्यावर माज्याकडं काय ऱ्हाईल?"

"आन् लेकराचं?"

शुक्रवारी पहाटे बसवंतराव उठले, तेव्हा दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा फुल्ल होता, आणि चन्नबसम्मा भिंतीला नाक लावून उभ्या होत्या.

शनिवारी दुपारी त्या एवढंच म्हणाल्या, "गेला."

पाच वाजून दहा मिनिटांनी ऋतुजा आली. येताना तिने बाळाची टाळू तिळाच्या तेलाने भरली होती. चन्नबसम्मांनी बाळ घेतलं, खुर्चीत बसल्या आणि टाळूवर नाक टेकलं.

"काय गं?" बसवंतरावांनी विचारलं.

त्यांनी नुसता हात वर करून नवऱ्याला थांबवलं.

बसवंतरावांनी घड्याळ पाहिलं. पाच चाळीस. चन्नबसम्मांनी मान अजून वर केलेली नव्हती.