मागचा उजवा पाय

मित्रांनो, मी पायाकुंबू गावची म्हातारी घोडी, एम्बुन. एम्बुन म्हणजे दव. आता या नावाचं माझं मलाच हसू येतं. पाठ खोलगट झाली आहे, दात झिजले आहेत, आणि मागचा उजवा पाय टेकायचा तर आधी मनाची तयारी करावी लागते. दमले आहे मी. पण तुम्ही येऊन बसलाच आहात, तर सांगते.

मी युस्निमारच्या तबेल्यात जन्मले. आमच्याकडे घर, शेत, जनावरं सगळी बाईची, आणि त्यांवर शब्द चालतो तिच्या मामाचा. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. लोक म्हणतात, तो म्हणजे जळक्या खुंटावरची राख, फुंकर मारली की उडाली. युस्निमारचा नवरा शाहरिल तसाच होता. चार शब्दांचं काम तो दोन शब्दांत भागवायचा. पण घोड्याच्या अंगावरून हात फिरवावा तर त्यानेच.

दोन वर्षांची असताना एकदा आठवडाभर पावसाने उसंत दिली नाही आणि मी तबेल्यात बांधून पडले. सहाव्या दिवशी माझे मागचे दोन्ही पाय घोट्यापासून वर केळीच्या खुंटासारखे जाड झाले. युस्निमारचे बख्तियारमामा हादरलेच. शर्यतीची घोडी हातची गेली, असं ते अंगणभर सांगत सुटले. शाहरिल मात्र माझ्या मागे उकिडवा बसला. त्याने दोन्ही पाय चाचपले, बोटाने दाबून पाहिले. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. पाय थंड होते, दुखत नव्हते, आणि माझं तोंड कोंड्याच्या टोपलीतच होतं. कोवळ्या घोड्याला नुसतं उभं ठेवलं की पायांत पाणी उतरतं, काळजीचं काही नाही, असं त्याने मामांना समजावलं. मग मला भाताच्या बांधांवरून तासभर फिरवून आणलं. परत आले तेव्हा पाय पूर्वीसारखे बारीक झाले होते.

मामांनी ही गोष्ट कॉफीच्या टपरीवर चार दिवस पुरवली. पुढे माझे पाय आणखी दोन-तीनदा तसे सुजले आणि फिरवल्यावर उतरले. त्यामुळे मामांच्या डोक्यात एकच औषध पक्कं बसलं. कुठल्याही सुजेवर ते म्हणायचे, "फिरव, उतरेल."

मी दोन शर्यती जिंकले. त्या दिवसांत माझ्यासारखी मीच. सागो डोंगराखालच्या मैदानात लोक माझं नाव घेऊन ओरडायचे, मामा माझा लगाम दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत, आणि युस्निमार मला कोंड्यात अंडी आणि गूळ कालवून द्यायची. असं वाटायचं, हे असंच चालणार.

तिसऱ्या शर्यतीला पाच दिवस होते. कुंपणाच्या बांबूची एक बारीक कूस माझ्या मागच्या उजव्या पायात शिरली होती. केसांखाली ती कोणाला दिसली नाही. सकाळी शाहरिलचा हात तिथे आला आणि थांबला. मी पाय झटकला. त्याने डावा पाय पाहिला, तो ठीक होता. पुन्हा उजव्यावर हात ठेवला. टोपलीत अर्धा कोंडा तसाच पडला होता, तोही त्याने पाहिला.

मामा आले तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, एकच पाय आहे. गरम लागतोय."

"गेल्या महिन्यातही सुजलेच होते ना? फिरव, उतरेल." मग मामा हसले. "आणि जावईबापू, घोडी आमच्या घरची आहे. तुम्ही कशाला जीव टाकता?"

शाहरिलने मान खाली घातली. युस्निमार स्वयंपाकघरात केळ्याची भजी तळत होती. दहा पावलांवर होती ती. त्याने त्या बाजूला पाहिलं, आणि माझा दोर सोडून मला फिरायला घेऊन गेला. सूज उतरली नाही. दुसऱ्या दिवशी ती गुडघ्याच्या वर चढली.

आणि मी धावले. घोड्याला कोण विचारतं? शेवटच्या वळणावर पाय माझा राहिला नाही.

तीन महिने मी तबेल्यात काढले. पू झाला, ताप आला, एकदा तर युस्निमार माझ्यापाशी बसून रडली. जगले, पण पाय उखळातल्या मुसळासारखा जाड राहिला. मामा म्हणाले, नशीब. त्यानंतर ते तबेल्याकडे फिरकले नाहीत. ज्या मैदानात माझं नाव दुमदुमायचं, तिथे पुढच्या वर्षी दुसरं नाव दुमदुमलं. मी कोबी-मिरच्यांचा टांगा ओढू लागले. चढ आला की शाहरिल खाली उतरून माझ्याबरोबर चालायचा. रोज सकाळी तो माझे चारही पाय चाचपायचा, आणि उजव्या मागच्या पायावर त्याचा हात उगाच रेंगाळायचा. का, ते त्याला ठाऊक होतं आणि मला.

अशी आठ वर्षं गेली. मग उशिरा मला एक शिंगरू झालं, काळं कुळकुळीत. त्याचं नाव कुंबांग, म्हणजे भुंगा. दोन वर्षांचा झाल्यावर त्याचेही पाय मधूनमधून सुजायचे, दोन्ही एकदम, आणि बांधांवरून फिरवलं की उतरायचे. मग त्याच्या पहिल्या शर्यतीला चार दिवस राहिले असताना एका सकाळी त्याचा डावा मागचा पाय सुजला. फक्त डावा. त्याने चाऱ्याला तोंड लावलं नाही, आणि पाय अधांतरी धरून उभा राहिला.

मामा अंगणात कॉफी पीत होते. त्यांनी दुरूनच पाहिलं आणि म्हणाले, "फिरव, उतरेल."

"नाही फिरवणार," शाहरिल म्हणाला.

मामांनी पेला खाली ठेवला. "राखेलाही तोंड फुटलं की आज."

"एम्बुनच्या वेळी मला कळलं होतं, मामा. हाताला चटका बसला होता. मी गप्प बसलो. तिच्या पायाकडे एकदा बघा, आणि मग मला फिरवायला सांगा."

युस्निमार दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मामांशी नाही, नवऱ्याशी बोलली; त्याला ती मानाने 'उदा' म्हणायची. "तुम्हाला कळलं होतं? मग मला का नाही सांगितलंत, उदा?"

शाहरिलने कुंबांगचा दोर खुंटाला पक्का बांधला. मग ती मामांकडे वळून म्हणाली, "मामा, घोडा माझा आहे. तो पळणार नाही. डॉक्टरांना बोलावणं पाठवा."

दुपारी गावातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ताप पाहिला, केस कापले, आणि खाली खिळ्याची जखम सापडली. जखम धुऊन त्यांनी इंजेक्शन दिलं. आणखी दोन दिवस गेले असते तर विष सांध्यात उतरलं असतं, असं त्या म्हणाल्या.

मामा सकाळीच कॉफी अर्धी टाकून गेले होते. ईदलाही आले नाहीत. आणि युस्निमार कित्येक आठवडे नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं की घरात गारवा पसरतोच.

मग एका सकाळी ती स्वतः तबेल्यात आली. "मला शिकवा," एवढंच म्हणाली. शाहरिलने तिचा हात धरून कुंबांगच्या पायांवर ठेवला, दोन्ही पाय तोलून पाहायला सांगितले. मग तिनेच आपला हात माझ्या उजव्या पायावर आणला.

"हा थंड आहे," ती म्हणाली.

"हो. पण हा आता उतरणार नाही."

ती तिथेच उभी राहिली, त्याच्या शेजारी.

कुंबांग पुढच्या हंगामात धावला. चौथा आला. चारही पायांवर घरी आला.

मित्रांनो, तरुण घोड्याचे मागचे दोन्ही पाय सारखे सुजले, थंड असले, तो खात असला आणि फिरवल्यावर सूज ओसरली, तर घाबरू नका. पण एकच पाय फुगला, गरम लागला, घोडा लंगडला, खाईना, किंवा सूज फिरवूनही चढत गेली, तर त्याला पळवू नका, डॉक्टरांना बोलवा. रोज सकाळी हात लावून पाहा. आणि हाताला जे कळेल ते सांगा, समोर कोणीही असो. आज मी तुमच्याशी एवढं बोलले, पण त्या सकाळी अंगणात मला एक शब्द बोलता येत नव्हता. शाहरिलला येत होता.