सक्तीची आंघोळ

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सकाळी सहा ते दुपारी दोन ती ओल्या चादरी इस्त्रीच्या मोठ्या मशीनमध्ये सोडायची. बावीस वर्षं झाली होती. पाय सुजायचे. दोन वाजता घरी जाऊन ते उशीवर टाकायचे, याहून जास्त ती दिवसाकडे काही मागत नसे.

त्यात वहिनी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आली, पण घरी होतं कोण? भाऊ जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चर्चमधल्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून तिच्याकडे.

दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आई गेली तेव्हा वहिनीनं निरोप इतका उशिरा दिला की ती पोहोचेपर्यंत शवपेटीला झाकण लागलं होतं. अकरा वर्षं हे काही तिच्या मनातून गेलं नव्हतं. पण रोज बसच्या थांब्यावर ती डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, तू सांगशील ते करीन." आता त्यानं सांगितलं, तर कानावर हात कसे ठेवणार?

मग रोज कामावरून थेट वहिनीकडे. पाणी तापवायचं, वहिनीला धरून खुर्चीवर बसवायचं, अंग चोळायचं, कपडे बदलायचे. ती बोलत नसे. चादर मशीनमध्ये घालावी तसा वहिनीचा हात बाहीत घालायची.

तिसऱ्या आठवड्यात वहिनी म्हणाली, "जरा हळू, वन्सं. मी माणूस आहे."

"आठ तास उभी राहून आलेय मी. हौस म्हणून नाही येत. देवाची आज्ञा आहे म्हणून येते."

वहिनीनं तिच्या हातातला मग काढून घेतला. "मग उद्यापासून देवालाच पाठवा. मला सक्तीची आंघोळ नको."

घरी नवरा हसला. "सुटलीस की! देवानंच दार उघडलं म्हण."

"अहो, दार उघडलं नाही, तोंडावर आपटलं."

"तेच ते. पाय वर घे आता."

चार दिवस तिनं पाय वर घेतले. सूज उतरली, पण चैन पडेना. रविवारी उपासनेत सगळे गुडघ्यावर आले, तीही आली. पण रोजचं वाक्य काही केल्या ओठांवर येईना. शेवटी ती मनातल्या मनात म्हणाली, "मला तिच्याकडे जायचं नाही. मी दमलेय. मला तिचा राग येतो. तू सांगितलंस म्हणून हात पुढे केले, मन घरीच ठेवलं. आता तेही तूच घेऊन जा. माझ्याच्यानं उचलत नाही."

उत्तर काही आलं नाही. शेजारची बाई खोकत होती.

सोमवारी कामावरून ती वहिनीच्या दारात उभी राहिली. वहिनी वॉकर सरकवत आली. चार दिवसांत केसांच्या जटा झाल्या होत्या.

"पुन्हा आज्ञा झाली का?"

"नाही. मी दमलेय, वहिनी. आधी बसू का जरा?"

वहिनीनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग तिच्या पायांकडे. "बसा."

दोघी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या. वहिनी म्हणाली, "तुमच्या आईला दोन वर्षं मीच आंघोळ घातली. तुम्ही रविवारी फळं घेऊन यायचात. मीसुद्धा देवाला भिऊनच करायचे. त्यांना कळायचं ते. गरम पाण्यातसुद्धा कुडकुडायच्या."

तिनं विचारलं, "आणि तो निरोप?"

"तीन रात्री जागी होते. पहाटे त्या गेल्या. तुमच्या भावाला म्हटलं, वन्संना मी कळवते, आणि भिंतीला टेकले ती झोपलेच. जाग आली तेव्हा माणसं जमली होती. झोपले होते, हे कुठल्या तोंडानं सांगणार?"

तिला रडू आलं नाही. आठ तास उभं राहून परतल्यावर, कपडेसुद्धा न बदलता, भिंतीला टेकून झोपणं काय असतं, ते तिला ठाऊक होतं. फळांची पिशवी ठेवून अर्ध्या तासात निघणारी स्वतःही तिला आठवली.

ती उठली, पाणी तापवलं. केस सोडवायलाच तासभर लागला. मध्ये दोनदा ती खाली बसली, वहिनी थांबली. पाणी ओतण्याआधी तिनं पहिल्यांदाच विचारलं, "चालेल का एवढं गरम?"

"थोडं अजून चालेल."

निघताना पायऱ्या उतरवत नव्हत्या. वहिनी वॉकर धरून दारापर्यंत आली.

"उद्या?"

"उद्या एकजण रजेवर आहे. चार वाजतील मला."

"वाजू देत," वहिनी म्हणाली. "येऊन आधी आडव्या व्हा. मला कुठं जायचंय?"