इस्त्रीचा शर्ट घालून आजारी

माजी सैनिकांच्या घरी समाजसेविका म्हणून एकवीस वर्षं जातेय, पण ड्युएन स्कोगलुंडइतका हट्टी माणूस मला दुसरा भेटला नाही. बायको आर्लिस त्याच्यावर कडी. दोघं अमेरिकेत, डुलुथ गावाच्या टेकडीवर राहतात. ड्युएन सैन्यात रणगाडे दुरुस्त करायचा. तिशीच्या आत मल्टिपल स्क्लेरोसिस झाला आणि मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचणं हळूहळू बंद पडलं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी चाकांची खुर्ची, आणि हातही कुरकुरायला लागलेत.

गेल्या वर्षी सरकारी पाहणी होती. घरी रोज येणारी मदतनीस चालू ठेवायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं. नेमकी मी रजेवर. या दोघांनी काय करावं? आर्लिसनं घर घासूनपुसून लख्ख केलं, पाहुणा येणार म्हणून केक भाजला. ड्युएननं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कसं काय विचारल्यावर म्हणाला, ‘तक्रार नाही.’ आमच्या मिनेसोटा राज्यात अंगावर झाड पडलं तरी माणूस हेच म्हणतो. पाहणीवाल्यानं केक खाल्ला, ‘स्वावलंबी’ असं लिहिलं आणि गेला. मदतनीस बंद झाली.

तेव्हापासून सगळं आर्लिसच्या अंगावर पडलं. दोनशे पौंडांचा माणूस रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. फेब्रुवारीत तिच्या उजव्या खांद्याचा स्नायू आतून फाटला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करा आणि पुढे तीन महिने काही उचलू नका. मग ड्युएनला कोण उचलणार? मदतनीस नाही मिळाली, तर त्याला दोन तासांवरच्या सैनिकांच्या आश्रमात ठेवावं लागणार होतं. आणि या आजारात एकदा घर सुटलं की परतणं अवघड. दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

मी फेरपाहणीचा अर्ज केला. तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा कागद घेऊन स्वतःच कचेरीत जाऊन उभी राहिले. तारीख मिळाली ती दुपारची. दुपारपर्यंत सगळी ओढाताण संपलेली असते, खुर्चीत बसलेला माणूस कुणालाही ठणठणीत दिसतो. भांडून सकाळी आठची वेळ करून घेतली. दोघांना बजावलं, घर आवरायचं नाही, केक करायचा नाही, आणि ड्युएनला पलंगावरून हलवायचं तर मुळीच नाही.

‘रेनी, माझ्या तुकडीतले दोघं परतच आले नाहीत,’ ड्युएन म्हणाला. ‘मी जिवंत घरी आलोय. आणि वर हात पसरू?’

हात पसरणं नव्हे, हक्काचं आहे, हे मी त्याला तीन वेळा सांगितलं. तो टीव्हीवरची हॉकी बघत बसला. मग माझी जीभ सुटली. ‘तुमचा ताठा सांभाळताना तिचा एक खांदा गेला. आता दुसराही घेणार का?’ म्हटलं. घरी जाताना गाडीत मला वाटलं, जरा जास्तच बोललो आपण. पण फारसं वाईट वाटलं नाही.

पाहणीच्या दिवशी पावणेआठला पोचले आणि कपाळावर हात मारला. ड्युएन खुर्चीत, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. स्वयंपाकघरातून केकचा वास. आर्लिस उजवा हात पोटाशी धरून उभी. ‘माणूस घरी येणार आणि समोर काही ठेवायचं नाही?’ ती हळूच म्हणाली. मला रडू की ओरडू, कळेना.

पाहणीवाले ट्रास्क सभ्य गृहस्थ होते. उत्तरं घरच्यांनीच द्यायची, मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. ट्रास्कनी विचारलं, कसं चाललंय?

‘तक्रार नाही,’ ड्युएन म्हणाला. ट्रास्कनी ते लिहून घेतलं.

मग ट्रास्क म्हणाले, खुर्चीतून पलंगावर कसं जाता, ते दाखवा. आर्लिस पुढे झाली. डावा हात त्याच्या काखेत घातला. उजवा वर जाईना, म्हणून वाकून तिनं तो खांदाच त्याच्या छातीला लावला आणि जोर केला. ड्युएन अर्धा उठला, पाय घसरले, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. बारीकसाच. पण इतक्या वर्षांत मी तिला साधं ‘आई गं’ म्हणताना ऐकलं नव्हतं.

‘सोड,’ ड्युएन म्हणाला. ती सोडेना. ‘आर्लिस, सोड मला.’

तो धपकन खुर्चीत बसला. शर्ट वर आला होता, तो खाली ओढायलाही त्याची बोटं वळेनात. त्यानं ट्रास्ककडे पाहिलं.

‘आधीचं खोडा. पहिल्यापासून लिहा. मला ही उठवते. अंघोळ ही घालते. अंथरूण ओलं होतं, ते ही बदलते. या शर्टाची बटणं पाच वाजता उठून हिनं लावली. मला एकही लावता येत नाही.’

त्याचे कान लालबुंद झाले होते. रडणारे सैनिक मी पुष्कळ पाहिलेत. हा रडला नाही, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

ट्रास्कनी सगळं लिहिलं. मग आर्लिसकडे वळून विचारलं, तुमचा खांदा कसा आहे?

‘बरा आहे हो,’ ती म्हणाली. ‘तसा काही त्रास नाही.’

‘खोटं बोलतेय,’ ड्युएन म्हणाला. ‘तेही लिहा.’

ट्रास्कनी तेही लिहिलं. जूनमध्ये आर्लिसची शस्त्रक्रिया झाली. ती दवाखान्यातून परत आली, तेव्हा ड्युएन घरीच होता.